दोषसिद्धीविना सरकारजमा: अमेरिकेतील दिवाणी जप्ती आणि नागरिकाची मालमत्ता

उत्तरायण (धागाकर्ता)

अमेरिकेत पोलीस तुमची रोकड, गाडी किंवा घर जप्त करू शकतात आणि तुमच्यावर एकही आरोप न ठेवता, तुम्हाला अटकही न करता, ती मालमत्ता कायमची सरकारजमा करून घेऊ शकतात. ही कुणा एका भ्रष्ट अंमलदाराची मनमानी नव्हे. ही कायद्याने घालून दिलेली, न्यायालयांनी वारंवार मान्य केलेली आणि दोन्ही पक्षांच्या सरकारांनी चालू ठेवलेली पद्धत आहे. अमेरिकेतील नागरी स्वातंत्र्याविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा भाषणस्वातंत्र्य, बंदुका, गर्भपात आणि स्थलांतर या चार विषयांभोवती फिरते, त्यामुळे हा अधिकार मराठी वाचकांना फारसा परिचित नाही. माझ्या मते शासनसत्तेच्या मर्यादांविषयीचा आजचा सर्वांत स्पष्ट प्रश्न हाच आहे, आणि म्हणून तो सविस्तर मांडत आहे.

हे शक्य कसे होते, ते आधी पाहू. फौजदारी खटल्यात आरोपी माणूस असतो, त्याचा गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो आणि वकील ठेवण्याची ऐपत नसेल तर सरकारला तो द्यावा लागतो. दिवाणी जप्तीत खटला माणसावर नसून वस्तूवर असतो. त्यामुळे न्यायालयांच्या नोंदींत ‘संयुक्त संस्थाने विरुद्ध १,२४,७०० डॉलर रोकड’ अशी प्रकरणांची नावे आढळतात. वस्तूला निर्दोषत्वाचे गृहीतक लागू होत नाही आणि वस्तूला वकीलही मिळत नाही. मालकाला स्वखर्चाने या खटल्यात शिरून आपला हक्क सांगावा लागतो. वर उल्लेखिलेल्या प्रकरणात नेब्रास्कातील महामार्गावर अडवलेल्या गाडीत अमली पदार्थ सापडले नव्हते. पोलिसांच्या कुत्र्याने नोटांना वास असल्याचा इशारा दिला, रक्कम मोठी होती आणि चालकाने सुरुवातीला तिच्याविषयी खोटे सांगितले, एवढ्यावर २००६ साली अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती रक्कम सरकारच्या पदरात टाकली. आपण शीतकरणाची सोय असलेला ट्रक विकत घ्यायला निघालो होतो, हे मालकाचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही.

या कल्पनेचे मूळ सागरी कायद्यात आहे. ब्रिटिशांच्या नौकानयन कायद्यांनुसार चोरटा माल वाहणारे जहाज जप्त होत असे, आणि जॉन हॅनकॉक यांचे ‘लिबर्टी’ हे जहाज १७६८ साली बॉस्टनमध्ये पकडले गेले तेव्हा वसाहतींत मोठी खळबळ उडाली होती. असे असूनही स्वतंत्र अमेरिकेच्या पहिल्याच काँग्रेसने १७८९ च्या जकात कायद्यात जहाजांच्या जप्तीची तरतूद ठेवली. त्या काळी तिला एक व्यावहारिक आधार होता. मालक समुद्रापलीकडे, परक्या देशात असे. त्याला पकडता येत नसे, हाती लागे ते फक्त जहाज. आज ज्याची गाडी जप्त होते तो मालक त्याच गावात राहतो, त्याचा पत्ता पोलिसांकडे असतो आणि समन्स एका दिवसात त्याच्या दारी पोहोचू शकते. मूळ कारण नाहीसे झाले तरी अधिकार तेवढा उरला, नुसता उरला नाही तर अनेक पटींनी फुगला.

तो फुगला १९८४ साली. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेच्या ऐन भरात रेगन यांच्या सहीने जो व्यापक गुन्हेनियंत्रण कायदा झाला, त्याने जप्त मालमत्तेचे पैसे केंद्रीय सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाण्याऐवजी न्याय खात्याच्या स्वतंत्र निधीत जमा होऊ लागले. शिवाय स्थानिक पोलिसांनी पकडलेला मुद्देमाल केंद्रीय यंत्रणेकडे सोपवला तर त्यातील ८० टक्क्यांपर्यंत वाटा त्याच पोलीस दलाला परत मिळण्याची वाट खुली झाली. सिनेटमध्ये या तरतुदींचा पाठपुरावा करणाऱ्यांत रिपब्लिकन स्ट्रॉम थर्मंड होते तसेच डेमोक्रॅट जो बायडनही होते. माझा मुख्य आक्षेप या तरतुदीवर आहे. जप्ती करायची की नाही हे जो ठरवतो, त्याच्याच खात्याचे अंदाजपत्रक त्या जप्तीतून भरत असेल, तर त्याच्या निर्णयाला निष्पक्ष म्हणता येत नाही. माणसे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. प्रामाणिक माणसांनाही रोज चुकीच्या दिशेला ढकलणारी ही रचना आहे.

तिचे परिणाम पुढच्या काही वर्षांत दिसले. फ्लोरिडातील व्होल्युशिया परगण्यात महामार्गावर गाड्या अडवून रोकड काढून घेतली जात असे. त्यात अडकणारे बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते, हे उघड करणाऱ्या ‘ऑर्लँडो सेंटिनल’च्या शोधमालिकेला १९९३ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. टेक्सासमधील टेनाहा या लहानशा गावात वाटसरूंना थांबवून ‘पैशांवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करा, नाहीतर गुन्हा दाखल होईल’ असे सांगितले जाई. सोबत मुले असतील तर त्यांचा ताबा काढून घेण्याची धमकीही दिली जाई. फिलाडेल्फियात हजाराहून अधिक घरांवर टाच आली. तेथील नगरभवनातील ४७८ क्रमांकाच्या ‘न्यायकक्षात’ न्यायाधीश नसत, कामकाज सरकारी वकीलच चालवत. एका कुटुंबाचे घर तर मुलाने ४० डॉलरचे हेरॉइन विकले म्हणून सील झाले होते, आणि आईवडिलांवर कसलाच आरोप नव्हता. २०१४ साली सुरू झालेला त्याविरुद्धचा दावा २०१८ साली तडजोडीने मिटला आणि पीडितांसाठी ३० लाख डॉलरचा निधी ठेवावा लागला.

ही सारी बड्या तस्करांकडून वसूल होणारी रक्कम आहे, असा समज आकड्यांपुढे टिकत नाही. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने राज्यांच्या आणि केंद्राच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा २००० सालापासूनची एकूण रक्कम किमान ६८ अब्ज डॉलर निघाली. मात्र ज्या २१ राज्यांची पुरेशी माहिती मिळाली, तेथील रोकड जप्तीचा मध्यांक १,२७६ डॉलर होता. म्हणजे निम्म्या जप्त्या याहूनही लहान रकमेच्या होत्या. एवढ्या रकमेसाठी वकील करायचा तर त्याची फी रकमेहून जास्त होते, म्हणून बहुतेक मालक दावा करतच नाहीत. दावा आला नाही की केंद्रीय यंत्रणा न्यायाधीशासमोर न जाता स्वतःच मालमत्ता सरकारजमा करते आणि ‘प्रशासकीय जप्ती’ म्हणून प्रकरण बंद होते.

आरोप सिद्ध झाल्याशिवाय मालमत्ता सरकारजमा होऊ नये, आणि झालेली मालमत्ता जप्ती करणाऱ्या खात्याच्या खिशात जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मंडळाच्या सदस्यांनी यावर लिहावे.

काटेसावर

लेख आवडला. न्यायालयांच्या भूमिकेविषयी मात्र भर घालायला हवी, कारण ‘न्यायालयांनी वारंवार मान्य केलेली’ एवढ्या शब्दांत ती पुरती येत नाही. सर्वोच्च न्यायालय या विषयात एका दिशेने कधीच चाललेले नाही.

१९९६ च्या ‘बेनिस विरुद्ध मिशिगन’ प्रकरणात पती-पत्नीच्या सामाईक मालकीची जुनी गाडी होती. पतीने तिचा वापर वेश्यागमनासाठी केला, म्हणून गाडी गेली. पत्नीला यातले काहीच ठाऊक नव्हते, तरी तिच्या वाट्याची भरपाई देणे राज्यघटनेनुसार बंधनकारक नाही, असा पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. दोनच वर्षांनी ‘बाजाकाजियन’ प्रकरणात चित्र पालटले. लॉस एंजेलिस विमानतळावरून एक माणूस ३,५७,१४४ डॉलर घोषित न करता नेत होता. पैसे कायदेशीर मार्गाने मिळवलेले होते आणि एक कायदेशीर कर्ज फेडण्यासाठी होते. घोषणा न करणे हा गुन्हा, पण त्यासाठी सगळी रक्कम घेणे ही आठव्या घटनादुरुस्तीने निषिद्ध ठरवलेली अवाजवी शिक्षा आहे, असे न्यायालय म्हणाले. निकालपत्र पुराणमतवादी न्यायाधीश क्लॅरेन्स थॉमस यांचे होते आणि त्यांना साथ देणारे चारही न्यायाधीश उदारमतवादी गटातले होते.

पुढे २०१९ चा ‘टिंब्ज विरुद्ध इंडियाना’. वडिलांच्या विम्याच्या पैशांतून सुमारे ४२,००० डॉलरला घेतलेली लँड रोव्हर, आणि गुन्हा ४०० डॉलरपेक्षाही कमी किमतीच्या हेरॉइनच्या विक्रीचा. त्या गुन्ह्याला कायद्याने जास्तीत जास्त दंड होता १०,००० डॉलर. अवाजवी दंडाची मनाई केवळ केंद्र सरकारला नव्हे तर राज्यांनाही लागू आहे, असा निकाल रूथ बेडर गिन्झबर्ग यांनी एकमताच्या न्यायालयाच्या वतीने दिला आणि त्या मनाईचा वारसा थेट मॅग्ना कार्टा या तेराव्या शतकातील इंग्लंडच्या हक्कांच्या सनदेपर्यंत नेऊन दाखवला. हे प्रकरण नमूद करताना एक गोष्ट विसरू नये: तो माणूस दोषी होता, त्याने गुन्हा कबूल केला होता. तरीही गाडी २०१३ मध्ये गेली आणि २०२० मध्ये परत मिळाली. दोषी माणसाचेही हक्क असतात, हे त्या निकालाने सांगितले म्हणून मला तो अधिक मोलाचा वाटतो.

डोंगरवाट

मी वेगळी बाजू मांडतो. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांच्या अडचणींचा या चर्चेत विचार झालेला दिसत नाही. अमली पदार्थांच्या टोळ्यांचे मुख्य सूत्रधार मेक्सिकोत किंवा त्याहून दूर असतात, ते अमेरिकी न्यायालयाच्या हाती कधीच लागत नाहीत. पैसे वाहून नेणाऱ्या हस्तकाला पकडले तर तो ‘हे पैसे माझे नाहीत, कुणाचे आहेत ठाऊक नाही’ असे म्हणतो. अशा वेळी दोषसिद्धीची अट घातली तर ती रक्कम कुणाची म्हणून परत करायची? धागाकर्त्याने जहाजाच्या मालकाचे जे कारण इतिहासजमा ठरवले, ते माझ्या मते आजही जिवंत आहे.

शिवाय जप्तीचा सगळाच पैसा पोलिसांकडे जात नाही. बर्नार्ड मेडॉफच्या महाघोटाळ्यात बुडालेल्या हजारो लोकांना न्याय खात्याच्या निधीतून ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परत मिळाली. ती जप्तीच्याच कायद्यांमुळे मिळाली. फेंटानिल या अमली पदार्थाने माणसे मरत असताना पोलिसांच्या हातातील हत्यार बोथट करण्याआधी या दोन्ही गोष्टींचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तरायण (धागाकर्ता)

डोंगरवाट, तुमचे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत आणि मी ते बाजूला सारणार नाही.

मेडॉफचे उदाहरण तर तुम्ही मांडले त्याहून अधिक तुमच्या बाजूचे आहे. मेडॉफने स्वतः २००९ साली गुन्हा कबूल केला होता, पण पीडितांना मिळालेल्या रकमेतला सर्वांत मोठा भाग त्याच्याकडून आलेला नाही. जेफ्री पिकॉवर या त्याच्या बड्या गुंतवणूकदाराच्या वारसांनी एकूण ७.२ अब्ज डॉलर परत केले, आणि त्यातले २.२ अब्ज दिवाणी जप्तीच्या मार्गाने न्याय खात्याकडे आले. पिकॉवर तोवर मरण पावले होते. मेलेल्या माणसावर खटला चालवता येत नाही, म्हणजे तेथे दोषसिद्धीची अट अशक्यच होती. म्हणून मालक मृत असेल, फरार असेल, देशाबाहेर असेल किंवा ‘हे पैसे माझे नाहीत’ असे सांगून हात झटकत असेल, तर दिवाणी कार्यवाहीची वाट उघडी ठेवावी, हे मला मान्य आहे. दोषसिद्धीची अट घालणाऱ्या राज्यांच्या कायद्यांतही अशी सवलत आढळते.

पण अपवादासाठी ठेवलेल्या वाटेवरून रोजची वाहतूक चालते आहे, हे कसे नाकारणार? ज्याचे १,२७६ डॉलर गेले तो माणूस मेक्सिकोत नसतो. तो पोलीस ठाण्याच्या बाहेर उभा असतो आणि ‘पैसे माझे आहेत, मला परत द्या’ असे सांगत असतो. हक्क सांगणारा मालक समोर हजर असेल, तर एकतर त्याच्यावर खटला भरा आणि तो सिद्ध करा, नाहीतर पैसे परत द्या. यात पोलिसांचे कुठले हत्यार बोथट होते, ते मला दिसत नाही. पुरावा म्हणून वस्तू खटला संपेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहणारच आहे. खटलाच न भरता ती कायमची घेण्याचा तेवढा राहणार नाही.

मेडॉफच्या पीडितांना पैसे मिळाले ही तर माझ्याच मागणीच्या जवळची गोष्ट आहे. ती रक्कम ज्यांची होती त्यांना गेली. महामार्गावरच्या जप्तीतून मात्र नवी वाहने, उपकरणे आणि जादा कामाचे भत्ते येतात.

पिंपळपार

मी न्यू जर्सीत हिशेबनिसाचे काम करतो आणि माझे बरेचसे अशील छोटे दुकानदार, पेट्रोल पंपवाले आणि मोटेल चालवणारे भारतीय आहेत. या विषयाचा आपल्या लोकांशी थेट संबंध येतो तो बँकेत रोकड भरण्याच्या नियमातून, म्हणून त्याविषयी लिहितो.

१०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड बँकेत भरली की बँक सरकारला तसा अहवाल पाठवते. त्यात भरणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. मात्र हा अहवाल टळावा या हेतूने रक्कम मुद्दाम लहान लहान भागांत भरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, पैसा कितीही स्वच्छ असला तरी. रोख व्यवहाराच्या धंद्यात ९,००० किंवा ८,५०० डॉलरचा भरणा नेहमीचाच असतो. कुणी विम्याच्या मर्यादेमुळे दुकानात जास्त रोकड ठेवत नाही, कुणाला बँकेतल्याच कर्मचाऱ्याने ‘दहाच्या खाली भरा, कागदपत्रांचा त्रास वाचेल’ असे सुचवलेले असते. महसूल खाते अशा भरण्यांचा नमुना पाहून, करचुकवेगिरीचा किंवा अन्य गुन्ह्याचा मागमूस नसतानाही, सबंध खाते ताब्यात घेत असे. नॉर्थ कॅरोलायनातील एका छोट्या दुकानदाराचे खाते २०१४ साली असेच रिकामे झाले. एक लाख सात हजार डॉलर, आयुष्यभराची बचत. वर्तमानपत्रांत आणि काँग्रेसच्या समितीसमोर बोभाटा झाल्यावर पुढच्या वर्षी ती रक्कम परत मिळाली.

महसूल खात्याने २०१४ च्या अखेरीस आपले धोरण बदलले आणि २०१९ साली काँग्रेसने कायदाच केला, की पैसा बेकायदा मार्गाचा असल्याशिवाय किंवा दुसरा गुन्हा लपवण्यासाठी असा भरणा केल्याशिवाय खात्याने असे पैसे घेऊ नयेत. तेव्हा सुधारणा होऊ शकते, हे या उदाहरणातून दिसते. तरीही मी प्रत्येक नव्या अशिलाला सांगतो की जेवढी रोकड जमली तेवढी एकरकमी भरा आणि अहवाल जाऊ द्या.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीतही हेच. १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड आणायला बंदी नाही, घोषणापत्र भरावे लागते. कुटुंब एकत्र घोषणा देत असेल तर मर्यादा सगळ्यांची मिळून मोजली जाते, आणि नवरा-बायकोने रक्कम वाटून घेऊन मर्यादेखाली राहण्याचा प्रयत्न केला तर तोही आक्षेपार्ह ठरतो. न भरलेल्या एका कागदासाठी अख्खी रक्कम अडकते आणि ती सोडवण्यासाठी अर्ज, मुदती, वकील असे सगळे सुरू होते.

मृगजळ

पिंपळपार यांनी मुदतींचा उल्लेख केला त्याविषयी थोडी माहिती असावी. २००० साली हेन्री हाइड या रिपब्लिकन प्रतिनिधीच्या पुढाकाराने केंद्रीय कायदा सुधारला गेला. त्याआधी मालमत्ता निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर होता, तो सरकारवर आला. पण सरकारने किती सिद्ध करायचे? फक्त ‘शक्यतांचे पारडे आपल्या बाजूला झुकते’ इतकेच. ‘मी निर्दोष मालक आहे, मला काही ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी तर अजूनही मालकाचीच आहे. सरकारी खर्चाने वकील मिळतो तो राहते घर पणाला लागले असेल आणि मालक गरीब असेल तरच. केंद्रीय यंत्रणेने साधारणतः ६० दिवसांत नोटीस पाठवायची, त्यावर मालकाला किमान ३५ दिवसांची मुदत, आणि दावा आला तर ९० दिवसांत सरकारने न्यायालयात जायचे. गाडीवर ज्याची रोजीरोटी चालते त्याच्यासाठी हे सहा महिने म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

आणि राज्यांच्या पातळीवर यापेक्षाही वाईट अवस्था असू शकते. २०२४ चा ‘कली विरुद्ध मार्शल’ हा निकाल वाचून मी फार व्यथित झाले. अलाबामातील दोन स्त्रियांच्या गाड्या, एकीची मुलाने नेलेली, दुसरीची मित्राने. दोघींचाही अपराध नव्हता आणि शेवटी दोघींनाही गाड्या परत मिळाल्या, पण त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. मुख्य सुनावणी होईपर्यंत गाडी ताब्यात ठेवणे योग्य आहे का, हे तपासणारी एक प्राथमिक सुनावणी लवकर व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. सहा विरुद्ध तीन मतांनी ती फेटाळली गेली. मुख्य सुनावणी वेळेत झाली की पुरे, असे न्यायाधीश ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी लिहिले.

पण न्यायाधीश गोरसच यांचे सहमतीचे मतपत्र वेगळे वाचावे. निकालाशी सहमत होऊनही त्यांनी, थॉमस यांच्या साथीने, ही संपूर्ण पद्धत घटनेच्या ‘योग्य कायदेशीर प्रक्रिये’च्या हमीशी सुसंगत आहे का, असा मूलभूत प्रश्न उभा केला आहे. सोटोमायोर यांच्यासह तीन न्यायाधीशांची विरोधी मते त्यात मिळवली, तर नऊपैकी पाच न्यायाधीशांना या व्यवस्थेविषयी गंभीर शंका आहेत. योग्य प्रकरण समोर आले तर पुढचे दार उघडेल, अशी आशा मला यातून वाटते.

साकव

अमेरिकेवर एवढे लिहिताना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा भारताचा ‘पीएमएलए’ कायदा आठवणे अपरिहार्य आहे. सक्तवसुली संचालनालय दोषसिद्धीआधीच मालमत्तेवर १८० दिवसांपर्यंत तात्पुरती टाच आणू शकते, सिद्धतेचा भार मोठ्या प्रमाणात आरोपीवर टाकलेला आहे आणि २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी उचलून धरल्या. मग अमेरिकेलाच बोल का लावायचा?

उत्तरायण (धागाकर्ता)

साकव, भारतातील कायद्यावर स्वतंत्र धागा निघावा आणि मी त्यात जरूर लिहीन. पण एक फरक इथेच नोंदवतो, कारण तो याच चर्चेच्या गाभ्याचा आहे. भारतात अंतिमतः सरकारजमा झालेली मालमत्ता केंद्र सरकारची होते, टाच आणणाऱ्या अधिकाऱ्याच्या शाखेला तिच्यातून टक्केवारीने अंदाजपत्रक मिळत नाही. भारतीय कायद्यावरचे आक्षेप वेगळे आहेत आणि गंभीर आहेत. मात्र अमेरिकेतील रोगाचे जे खास लक्षण, म्हणजे जप्ती करणाऱ्यालाच तिचा थेट लाभ, ते तिकडे या स्वरूपात नाही.

या लाभाची मुळे किती खोल जातात, ते २०२४ च्या नोव्हेंबरात दिसले. अमली पदार्थ विरोधी केंद्रीय यंत्रणेचे कर्मचारी विमानतळांवर प्रवाशांना गाठून, ‘तुमच्या संमतीने’ म्हणत त्यांच्या बॅगा तपासत. न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांना चौकशीत आढळले की एका विमान कंपनीचा कर्मचारी ऐनवेळी तिकीट काढलेल्या प्रवाशांची नावे या यंत्रणेला कळवत होता आणि जप्त झालेल्या रोकडीतून त्याला टक्केवारी मिळत होती. काही वर्षांत त्याने हजारो डॉलर कमावले. अहवाल आल्यावर न्याय खात्याने अशा तपासण्या थांबवल्या. विमानाने जाणाऱ्या नागरिकाचे नाव पैशांसाठी विकले जाते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो, हे वाचून मला संताप आला आणि तो अजून ओसरलेला नाही.

दुसरे उदाहरण बेव्हर्ली हिल्समधले. २०२१ च्या मार्चमध्ये एफबीआयने खासगी सुरक्षा-पेट्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीवर छापा घातला. आरोप कंपनीवर होता. वॉरंटमध्ये पेट्यांतील वस्तूंची गुन्हे-तपासासाठी झडती घेण्यास अनुमती नसल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. तरीही शेकडो पेट्या उघडल्या गेल्या आणि ज्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता अशा ग्राहकांची ८ कोटी डॉलरहून अधिक रोकड, शिवाय दागदागिने, सरकारजमा करण्याची कार्यवाही सुरू झाली. ज्यांनी दावे लावले त्यांना हळूहळू परत मिळत गेले. २०२४ च्या जानेवारीत नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ही झडती, अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीचा भंग असल्याचे ठरवले. सुनावणीत न्यायाधीशांना ब्रिटिश राजवटीतील सरसकट झडतीचे परवाने आठवले, ज्यांच्याविरुद्ध जेम्स ओटिस १७६१ साली बॉस्टनच्या न्यायालयात उभे राहिले होते.

डोंगरवाट

विमानतळाचे प्रकरण मला ठाऊक नव्हते आणि टक्केवारीचे समर्थन मी करणार नाही. मृत, फरार आणि मालकी नाकारणाऱ्यांसाठी अपवाद ठेवणार असाल तर आपल्यातले अंतर मला वाटले होते त्याहून बरेच कमी आहे. मात्र पोलिसांचे उत्पन्न काढून घेतले तर त्या खर्चाची तरतूद कुठून होणार, याचे उत्तर सुधारणावाद्यांनी द्यायला हवे. छोट्या गावांतील पोलीस दलांकडे करांतून फारसे पैसे येत नाहीत.

काटेसावर

डोंगरवाट, त्याचे उत्तर नगरपरिषदेने आणि विधिमंडळाने द्यायचे असते, आणि मला यातली लोकशाहीची बाजू सर्वांत महत्त्वाची वाटते. पोलिसांवर किती खर्च करायचा हे निवडून आलेल्या प्रतिनिधींनी उघड चर्चेत ठरवावे, कर वाढवायचा तर मतदारांना तोंड देऊन वाढवावा. जप्तीच्या निधीमुळे पोलीस दलाला कुणाकडे पैसे मागावेच लागत नाहीत. कार्यकारी सत्तेने स्वतःच महसूल उभा करावा आणि स्वतःच खर्च करावा, हे सत्ताविभाजनाच्या मुळावरच येते.

राज्यांत हे घडलेही आहे. न्यू मेक्सिकोने २०१५ साली दिवाणी जप्ती रद्द केली. विधिमंडळात एकमत होते, आणि सही करणाऱ्या गव्हर्नर सुझाना मार्टिनेझ रिपब्लिकन तर होत्याच, शिवाय पूर्वीच्या सरकारी वकील होत्या. तेथे आता फौजदारी दोषसिद्धी लागते आणि पैसा राज्याच्या सर्वसाधारण निधीत जातो. नेब्रास्काने २०१६ साली आणि मेनने २०२१ साली तीच वाट धरली. न्यू मेक्सिकोने पळवाटही बुजवली: ५०,००० डॉलरपेक्षा कमी किमतीचा मुद्देमाल केंद्रीय यंत्रणेकडे सोपवून ८० टक्के वाटा घेण्यास तेथील पोलिसांना मनाई आहे. ज्या राज्यांनी हे कलम घातले नाही, तेथे राज्याचा कायदा कितीही कडक असला तरी केंद्राच्या दारातून जुनाच व्यवहार चालू राहतो.

उत्तरायण (धागाकर्ता)

काटेसावर यांचा शेवटचा मुद्दा म्हणजे सगळ्या गाठीची किल्ली आहे. २०१५ च्या जानेवारीत ओबामा सरकारमधील न्याय खात्याचे प्रमुख एरिक होल्डर यांनी केंद्र आणि स्थानिक पोलिसांच्या या भागीदारीवर मोठी मर्यादा घातली. २०१७ च्या जुलैत ट्रम्प सरकारमधील न्याय खात्याचे प्रमुख जेफ सेशन्स यांनी ती उठवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हाइट हाउसमधील शेरीफांच्या बैठकीत एकाने, दोषसिद्धीची अट आणू पाहणाऱ्या आपल्या राज्यातील एका सिनेटरची तक्रार केली, तेव्हा ट्रम्प यांनी त्या सिनेटरचे राजकीय आयुष्य संपवण्याची भाषा केली होती. पण एकट्या ट्रम्प यांना दोष देऊन सुटका नाही, कारण पुढच्या चार वर्षांच्या डेमोक्रॅटिक कारकिर्दीतही होल्डर यांची मर्यादा परत आली नाही. नागरिकाचा हक्क एका परिपत्रकाने मिळतो आणि दुसऱ्या परिपत्रकाने जातो, तोवर तो हक्क म्हणण्याजोगा नाही.

म्हणून काँग्रेसनेच कायदा करायला हवा. तसे विधेयक तयार आहे, ‘फेअर ॲक्ट’ या नावाने ते अनेकदा मांडले गेले आहे. २०२३ साली प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने ते २६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले, आणि जी समिती एरवी कशावरही एकत्र येत नाही तिने हे केले. पण विधेयक सभागृहात मतदानाला आलेच नाही. त्यात प्रशासकीय जप्ती बंद होते, पुराव्याची पातळी वाढते, गरीब मालकाला वकील मिळतो, स्थानिक पोलिसांशी वाटणी थांबते आणि पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो.

दोषसिद्धीची सरसकट अट मात्र त्यात नाही, आणि तेवढ्यामुळे काही कार्यकर्ते त्याला अपुरे म्हणतात. मला ते मान्य नाही. वाटाघाटीत एकच कलम वाचवता येणार असेल, तर मी पैशांचे कलम वाचवीन आणि पुराव्याचे सोडून देईन. पुराव्याची पातळी कितीही उंच ठेवली तरी १,२७६ डॉलरसाठी न्यायालयापर्यंत जाणारा मालक विरळा, त्यामुळे ती उंची बहुतेक प्रकरणांत कधी तपासलीच जाणार नाही. पैसा खात्याला मिळणार नाही असे ठरले, तर महामार्गावर ती गाडी अडवण्याचे कारणच उरणार नाही. काटेसावर आणि मृगजळ यांचे मत याहून वेगळे असू शकेल. त्यांनी या क्रमाविषयी लिहावे, अशी विनंती आहे.

मृगजळ

माझे मत खरोखरच वेगळे आहे. पैशांचे कलम महत्त्वाचे आहे, पण ते अंदाजपत्रकाच्या कायद्यातील एका ओळीने पुढचे कुठलेही सभागृह उलटवू शकते, १९८४ साली नेमके तसेच झाले होते. दोषसिद्धीची किंवा निदान त्वरित सुनावणीची अट सर्वोच्च न्यायालयाने घटनेतून काढून दिली, तर ती साध्या बहुमताने पुसता येणार नाही. म्हणून काँग्रेसमध्ये तुमचा क्रम आणि न्यायालयात माझा, असे दोन्ही लढे एकाच वेळी चालावेत असे मला वाटते. ‘कली’ निकालानंतर खालच्या न्यायालयांत कोणती प्रकरणे पुढे सरकत आहेत, त्यांची माहिती मी जमवते आहे आणि ती याच धाग्यावर देईन.